मॅन्युअल मस्टँगसाठी स्ट्रीट-लीगल ड्रॅग टायर: तीन जोड्या वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं सगळं कशाच्या संदर्भात आहे ते कळेल. २०१३ ची मस्टँग जीटी, ५.० लिटरचा कोयोटी व्ही८, कंपनीचा आकडा ४२० हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल, मागच्या डिफरन्शियलचा गिअर रेशो ३.७३ आणि सॉलिड ॲक्सल (दोन्ही मागची चाकं एकाच अखंड दांड्यावर). इंजिनला हात लावलेला नाही, मागचे लोअर कंट्रोल आर्म आणि क्लच तेवढे बदललेत. गाडी मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनली आणि मी राहतो कँटनला, म्हणजे तिच्या जन्मगावापासून अर्ध्या तासावर. ड्रॅग स्ट्रिप (पाव मैलाच्या सरळ शर्यतीची पट्टी) पण जवळ, मिलन ड्रॅगवे, इथले लोक गावाचा उच्चार मायलन असा करतात. एप्रिल ते ऑक्टोबर महिन्यातून एक-दोनदा जातो. गाडी ट्रेलरवर नेत नाही, घरून चालवत जायचं, पाच-सहा रन मारायचे आणि चालवत घरी यायचं. त्यामुळे टायर असा पाहिजे की जो हायवेवर कायदेशीर पण चालेल आणि ख्रिसमस ट्रीवर (सुरुवातीच्या रेघेजवळचा दिव्यांचा खांब) हिरवा दिवा लागला की जागेवर गुरगुरत न बसता गाडी पुढे पण नेईल.

हा रिव्ह्यू लिहायला कारण माझा भाचा. तो पुण्यात असतो, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत बघायला जातो आणि मला फोनवर प्रश्न विचारत बसतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "मामा, ग्रिपच पाहिजे ना, मग सगळ्यात चिकट टायर घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, त्यात एवढा विचार कसला करतोस?" ऑटोमॅटिक गाडी असती तर मी पण हेच म्हणालो असतो. (भारतात २०१६ ला जी मस्टँग जीटी आली ती ऑटोमॅटिकच आली, त्यामुळे त्याच्या डोळ्यासमोर तीच आहे.) पण मॅन्युअलला हिशोब वेगळा आहे आणि तो नीट सांगणारं मराठीत मला काही सापडलं नाही म्हणून हे सगळं टाईप करतोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

मुद्दा असा आहे की ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आत तेल, ते तेल झटका पिऊन टाकतं. मॅन्युअलमध्ये काय होतं, तुम्ही साडेचार-पाच हजार आरपीएमला इंजिन धरून ठेवलंय, फ्लायव्हील त्या वेगाने गरगरतंय, आणि तुम्ही पाय बाजूला घेता. त्या क्षणी फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ताकद एकदम मागे जाते, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल आणि शेवटी टायर. रस्सीखेच खेळताना दोरी ढिली असेल आणि समोरच्याने एकदम हिसका दिला तर खांदा निखळतो ना, अगदी तसं. हा हिसका कुठेतरी जाणारच. टायर घसरला तर तिथे जातो, क्लच घसरला तर तिथे जातो, टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) पिळवटली तर तिथे जातो, आणि यातलं काहीच झालं नाही तर मग जे सगळ्यात कमकुवत असेल ते तुटतं. म्हणून मॅन्युअल गाडीला टायर घेताना ग्रिप किती हे नंतर बघायचं, आधी बघायचं की झटका कोण खाणार.

आता स्ट्रीट-लीगल म्हणजे काय ते पटकन. अमेरिकेत टायरच्या साइडवॉलवर डॉट असा शिक्का लागतो, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ ट्रान्सपोर्टेशन. लोक "डॉट अप्रूव्ह्ड" म्हणतात पण सरकार टायर तपासून पास करत नाही, टायर सरकारी नियमात बसतो हे कंपनी स्वतः प्रमाणित करते आणि शिक्का मारते. पूर्ण स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या टायरवर हा शिक्का नसतो, ते रस्त्यावर चालवायचेच नाहीत. ड्रॅग रेडिअल हा रस्त्यावरही चालणारा मऊ ड्रॅग टायर, त्यावर थोड्या खाचा असतात, शिक्का असतो, त्यामुळे ते चालतात. पण खाचा झिजल्या की कायदेशीरपणा पण संपला, बहुतेक राज्यांत २/३२ इंचाच्या खाली गेलं की टायर बाद, आणि हे मऊ टायर तिथपर्यंत फार लवकर पोचतात. त्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. उदाहरणार्थ ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. हे मला आधी माहीत असतं तर माझी पहिली जोडी मी घेतलीच नसती.

ती पहिली जोडी, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक टायरची नव्हतीच, कुणीतरी वापरून विकायला काढलेले १८ इंची ड्रॅग रेडिअल, खाचा भरपूर दिसत होत्या, दोन्ही मिळून दोनशे डॉलर, मी लगेच उचलले. घरी आल्यावर कोड वाचला तर टायर सात वर्षांचे. असा रबर वरून नवा दिसतो पण आतलं तेल उडून गेलेलं असतं, कितीदा तापून गार झालाय ते आपल्याला माहीत नसतं, नख दाबलं तरी खूण उठत नाही. ट्रॅकवर नेले, पहिल्या रनला क्लच सोडला आणि मागचा ॲक्सल असा काही धाडधाड उड्या मारायला लागला की वाटलं खालून काहीतरी निघून पडलं. व्हील हॉप म्हणतात त्याला, टायर पकडतो-सुटतो-पकडतो-सुटतो आणि प्रत्येक वेळी पकडताना सगळ्या ड्राइव्हट्रेनला हातोडा बसतो. दुसऱ्या रनला मी घाबरून क्लच हळू सोडला तर क्लच जळाल्याचा वास पूर्ण गाडीत. पहिले ६० फूट पार करायचा टाइम २.१ सेकंदांच्या खाली आला नाही, जो माझ्या साध्या १९ इंची समर टायरवर पण येत होता. त्या दिवशी घरी जाताना एवढं वाईट वाटत होतं, पैसे गेल्याचं नाही, गाडीला उगाच मार दिला याचं.

त्याच दिवशी एका आजोबांनी शिकवलं. त्यांची १९६९ ची कमॅरो, चार गिअरची, स्वतः सत्तरीचे असतील. माझा रन बघून स्वतःहून आले, मागच्या टायरला हात लावून बघितला आणि म्हणाले, "पोरा, तुला काठी लागलीये, तुला स्प्रिंग पाहिजे." मग त्यांच्या गाडीचे टायर दाखवले. बायस प्लाय. त्यांची कमॅरो सुटताना मी नंतर मोबाइलवर स्लो मोशन घेतला, तो अजून जपून ठेवलाय. क्लच सुटल्यावर आधी रिम फिरते, टायरचा जमिनीवरचा भाग तिथेच, मधल्या साइडवॉलला शर्टाची बाही वर सारल्यावर पडतात तशा चुण्या पडतात, आणि मग ते सगळं उलगडत गाडी पुढे जाते. म्हणजे झटका टायरच्या पोटात गेला, गिअरबॉक्सला थोडा वेळ मिळाला.

रेडिअल आणि बायसचा फरक इथे नीट समजून घ्या कारण सगळा निर्णय यावर आहे. रेडिअलमध्ये आतल्या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जातात आणि ट्रेडच्या (जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या) खाली वेगळा पट्टा असतो. त्यामुळे ट्रेड सपाट आणि घट्ट राहतो, हायवेवर गाडी सरळ पळते, वरच्या वेगाला रोलिंगचा विरोध कमी. पण मागे झटका आला की रेडिअलची बांधणी त्या मानाने ताठ, चुण्या पडत नाहीत, तो एकदम पकडतो नाहीतर एकदम सुटतो. आणि एकदा सुटला की परत पकडायला वेळ लावतो, तोपर्यंत रन गेला. बायस प्लायमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात, त्यामुळे पूर्ण टायर पिळला जातो, थोडा घसरला तरी ग्रिप सोडत नाही, उलट चाक थोडं जास्त फिरलेलं त्याला आवडतं. मॅन्युअलवाले जुने रेसर बायसला का चिकटून आहेत ते यामुळे.

हे सगळं कळूनही मी दुसरी जोडी घेताना रेडिअलच घेतले, मिकी थॉम्पसनचे ईटी स्ट्रीट एस/एस. कारण सोपं आहे, माझी गाडी नव्वद टक्के वेळ रस्त्यावर असते. मिकी थॉम्पसन हा माणूस म्हणजे १९६० साली बॉनविलच्या मिठागरावर चार इंजिनांची गाडी ताशी ४०६ मैलांनी पळवणारा, त्याच्या नावाची ही कंपनी. त्यांच्या ईटी स्ट्रीट मालिकेत एस/एस हा सगळ्यात जास्त रस्त्याच्या बाजूला झुकलेला, खाचा जास्त, आणि ईटी स्ट्रीट आर हा स्ट्रिपच्या बाजूला झुकलेला, खाचा अगदी नावापुरत्या. आर हा रेडिअल आणि बायस दोन्हीत मिळतो, ऑर्डर करताना पार्ट नंबर नीट बघा, नाव एकच असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

साइजवर मी महिनाभर डोकं खाल्लं आणि ते सार्थकी लागलं. ट्रॅकवर भेटलेले निम्मे लोक म्हणत होते २७५/४० आर १७ घे (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉल रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), उंची कमी, गिअरिंग आखूड होतं, गाडी सुटताना जोरात सुटते. म्हटलं गणित करून बघू. २७५/४० आर १७ ची उंची २५.७ इंच. माझ्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर १.३२, मागे ३.७३, रेडलाइन (इंजिनची कमाल आरपीएम) ७,०००. हिशोब केला तर चौथ्या गिअरमध्ये रेडलाइनला गाडी साधारण ताशी १०९ मैलांवर पोचते. आणि मी क्वार्टर मैल संपवतो ११० ला! म्हणजे फिनिश लाइनच्या तोंडावर मला पाचवा टाकायला लागणार, एक गिअर फालतू, त्यात वेळ जाणार आणि घाईत चुकीचा गिअर लागायची भीती वेगळी. ऑटोमॅटिकला हा एक शिफ्ट फारसा जाणवणार नाही, मॅन्युअलला प्रत्येक शिफ्ट म्हणजे क्लच दाबा, हात हलवा. म्हणून ३०५/४५ आर १७ घेतला, उंची २७.८ इंच, चौथ्यात ११७ पर्यंत जागा आहे, लाइन आरामात पार होते. आणि दुसरा फायदा असा की साइडवॉल उंच मिळाली, म्हणजे रेडिअल असूनही थोडी का होईना लवचीकता आली. १९ इंची किंवा २० इंची रिमवर ड्रॅग रेडिअल मिळतात, दिसतात पण छान, पण मॅन्युअल असेल तर माझं ठाम मत आहे की जेवढी लहान रिम आणि जेवढी जाड साइडवॉल ब्रेकला न घासता बसेल तेवढी बसवा. १७ बाय १० च्या रिम घेतल्या, मागच्या दोनच, पुढे कंपनीचेच टायर.

रस्त्यावर एस/एस कसा आहे. पहिले शंभर मैल गाडीचा मागचा भाग जरा डुलल्यासारखा वाटतो, लेन बदलताना पुढचं आधी वळतं आणि मागचं अर्ध्या क्षणाने मागून येतं. याची सवय होते, पण बायकोला चालवायला दिली तेव्हा तिने पहिल्याच वळणावर विचारलं, "मागे हवा कमी आहे का?" हवा बरोबर होती, ३० पीएसआय. आवाज थोडा आहे, गाणी लावली की ऐकू येत नाही. खडे उचलतो आणि व्हील आर्चमध्ये टकटक फेकतो, घराजवळ रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा फार कसंतरी व्हायचं. वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची वार्षिक फेरी) ऑगस्टच्या उन्हात दिवसभर थांबत-थांबत चालवली, काही तक्रार नाही.

पाऊस हा खरा प्रश्न. सप्टेंबरमध्ये मंडळाच्या गणपतीला निघालो तेव्हा ऊन होतं आणि आरती होऊन बाहेर आलो तर धो धो. मागच्या सीटवर मुलगी, मांडीवर प्रसादाचा डबा. ४५ मैलांच्या वर गेलो नाही, उजव्या लेनमध्ये, पुढच्या गाडीपासून भरपूर लांब, आणि गाडी व्यवस्थित आली, एकदाही मागून सुटली नाही. ओला रस्ता झेपला, पण जिथे पाणी साचलंय तिथे रुंद टायर आणि कमी खाचा म्हणजे टायर पाण्यावर तरंगणार, हे कुठल्याही कंपनीच्या ड्रॅग रेडिअलला चुकलेलं नाही. कुटुंब गाडीत असेल आणि आभाळ भरलेलं असेल तर मी आता दुसरी गाडी काढतो, तुम्ही पण काढा.

थंडीबद्दल तर हात जोडून सांगतो. आपल्याकडे पुणे-मुंबईत हा विषय नाही पण इथे आहे. हा मऊ रबर साधारण ४० फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे ४-५ सेल्सिअसला, कडक होतो आणि गाडी बर्फावर असल्यासारखी वागते. पाणी गोठायच्या खाली गेलं तर नुसतं हलवताना पण रबरला भेगा पडू शकतात. ऑक्टोबरच्या शेवटी रिमसकट काढून तळघरात ठेवतो, गॅरेजमध्ये नाही, गॅरेज गोठतं.

आता स्ट्रिप. मायलनला ट्रॅकवर चिकट द्रव मारलेला असतो, बूट उचलताना चर्र आवाज येतो. २० ते २१ पीएसआय, दोन्ही बाजूला सारखी हवा, आणि हवा घरी नाही तिथे गेल्यावर टायर गार असताना मोजायची. पाण्याच्या डबक्यातून गाडी नेऊ नका, बाजूने जा आणि मागचे टायर फक्त कडेला ओले करा, नाहीतर पुढच्या टायरच्या खाचांत भरलेलं पाणी स्टार्टिंग लाइनवर गळतं आणि मागे उभी असलेली माणसं वैतागतात, बरोबरच आहे त्यांचं. बर्नआउट, म्हणजे टायर तापवायला मागची चाकं जागेवर फिरवणं, मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गिअरला करायचा, आरपीएम वर घ्या आणि क्लच एकदम सोडा, अर्धवट धरून ठेवला तर टायर तापायच्या आधी क्लच तापतो. एस/एस ला मोठा धूर काढायची गरज नाही, दोन-तीन सेकंद, हलका धूर दिसला की बास. माझ्या गाडीला कंपनीचा लाइन लॉक, म्हणजे फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी सोय, नाही (२०१५ पासूनच्या जीटीला येतो), मी नंतर बसवून घेतला आणि त्यावर गेलेला एक पण डॉलर वाया गेला असं वाटत नाही, ब्रेक-क्लच-ॲक्सिलरेटर तीन पेडल आणि पाय दोन, त्यात गाडी पुढे सरकू न देणं ही कसरत संपली.

आणि लाँच, म्हणजे रेघेवरून गाडी सोडणं. एस/एस वर पाच हजाराला क्लचवरून पाय बाजूला फेकायचा नाही. मी फेकून बघितलाय, गाडीने एक उडी मारली आणि मग नुसता धूर. जे जमलं ते असं: ३,२०० च्या आसपास धरायचं, क्लच पकडीच्या जागेपर्यंत आणायचा, तिथून पुढे साधारण एक सेकंदभर सरकवत सोडायचा आणि त्याच वेळी उजवा पाय खाली. थोडक्यात टायर लवचीक नाही म्हणून लवचीकपणा पायाने द्यायचा. पहिल्या दिवशी ६० फुटाला २.०५, २.०२, मग १.९६, सीझनच्या शेवटी १.८८. क्वार्टर मैल १३.२ चा १२.७ झाला, इंजिनमध्ये एक पण बोल्ट न बदलता. ६० फुटात एक दशांश वाचला तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतो असं म्हणतात ते माझ्या स्लिपांवर तरी खरं निघालं. १३.९९ किंवा जलद गेलात की हेल्मेट सक्तीचं, ते आधीच घेऊन ठेवा, माझा एक सहकारी नुसत्या हेल्मेटपायी अर्धा दिवस बसून राहिला.

तिसरी जोडी बायस प्लाय, ईटी स्ट्रीट आर चा बायसवाला, १५ इंची रिमवर २८ इंच उंचीचा. आजोबांनी एक शनिवार उसने दिले होते, ते परत करताना एवढं जीवावर आलं की पुढच्या महिन्यात स्वतःचे घेतले. काही १५ इंची रिम मागच्या ब्रेक कॅलिपरला घासतात, त्यामुळे आधी नुसती रिम बसवून हाताने फिरवून बघा, टायर चढवल्यावर दुकानदार परत घेणार नाही. १४-१५ पीएसआय, बर्नआउट एस/एस पेक्षा थोडा जास्त, आणि मग साडेचार हजाराला क्लच जवळजवळ सोडूनच दिला. पहिल्यांदा जे झालं ते शब्दात सांगणं कठीण आहे. हिसका नाही, दणका नाही, कुणीतरी मागून दोन्ही तळहात लावून ढकलल्यासारखी गाडी निघाली. १.७९. पुढचा रन १.८१. त्याच्या पुढचा १.८०. एस/एस वर माझा पाय चांगला असेल तर रन चांगला, पाय चुकला तर गेला. बायसवर पाय थोडा चुकला तरी टायर सांभाळून घेतो. ड्राइव्हट्रेनचा आवाज बदलला, तो 'टण्ण' आवाज जो पोटात गोळा आणायचा तो गेला.

मग रस्त्यावर पण हेच का नाही लावत? शिक्का आहे, कायदेशीर आहे. एकदा घरून लावून गेलो होतो. पुढे रेडिअल, मागे बायस, यूएस-२३ वर ६५ मैलांना गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक रेघेच्या मागे जाते, स्टिअरिंग सरळ धरलं तरी मागचा भाग डावीकडे-उजवीकडे पोहत राहतो. पुढे-मागे वेगवेगळ्या बांधणीचे टायर लावले की हे होतं, ट्रॅकच्या शेवटी ११० ला पण जाणवतं, मागची हवा एक पीएसआय वाढवली की जरा कमी होतं. ज्यांची गाडी ट्रेलरवर जाते किंवा जे पुढे पण बायस लावतात त्यांना ठीक. माझ्यासारख्याने मागच्या सीटवर दोन टायर, डिकीत जॅक आणि टॉर्क रेंच टाकून न्यायचे आणि तिथे जाऊन बदलायचे, वीस मिनिटांचं काम आहे, आणि निघायच्या आधी नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासायचे. ट्रॅकवरून घरी येताना मी एकदा हे विसरलो होतो आणि पुढच्या एक्झिटला थांबून केलं, तेव्हापासून चावीला लाल दोरा बांधलाय.

बाकी टायरांबद्दल थोडं, मी स्वतः लावलेले नाहीत त्यामुळे जपून. निटोचा एनटी५५५आर रस्त्यावर रोज चालवणाऱ्यांच्या गाड्यांवर खूप दिसतो. एनटी०५आर त्यापेक्षा जास्त चिकट, त्याच्यावर ट्रेडवेअरचा (टायर झिजायला किती टिकाऊ याचा) आकडा ०० छापलेला असतो त्यावरूनच किती दिवस टिकेल ते समजा. २०१८ च्या डॉज डिमनला कारखान्यातून हाच होता, ३१५/४० आर १८, आणि २०२३ च्या डिमन १७० ला मिकी थॉम्पसनचा ईटी स्ट्रीट आर रेडिअल. लोक हे उदाहरण देतात की बघा कंपनीच ड्रॅग रेडिअल देते. अहो पण दोन्ही डिमन फक्त ऑटोमॅटिक आहेत, आठ गिअरच्या, तिथे टॉर्क कन्व्हर्टर बसलाय झटका प्यायला. तोच टायर मॅन्युअल गाडीवर म्हणजे वेगळीच गोष्ट झाली. हूजियर आणि एम अँड एच रेसमास्टरचे बायस ट्रॅकवर भरपूर दिसतात, आजोबांच्या कमॅरोवर हूजियरचे क्विक टाइम प्रो आहेत आणि ते दुसरं काही लावायला तयार नाहीत.

भाच्याने मग विचारलं, धावपट्टीवर काय लावायचं. तिथे ट्रॅकसारखा चिकट थर नसतो, साधं डांबर किंवा काँक्रीट, वर धूळ. तिथे फार चिकट ड्रॅग रेडिअलचा पूर्ण फायदा मिळत नाही, उलट खडी-धूळ उचलून घेतो. तिथे पाय जास्त महत्त्वाचा, लाँच अजून खालून करायचा, बर्नआउट फक्त टायर स्वच्छ करण्यापुरता.

पैशांचं बोलायचं तर एस/एस ची जोडी मला सातशे डॉलरच्या वर पडली, रिम वेगळ्या. दोन सीझन, साधारण सहा हजार मैल आणि चाळीसेक रन झाले, खाचा अजून आहेत पण पुढच्या उन्हाळ्यानंतर राहतील असं वाटत नाही. टायरचे पैसे काढताना क्लचचे पण बाजूला ठेवा, हे कुणी सांगत नाही. ग्रिप वाढली की आधी जो क्लच निमूटपणे काम करत होता तोच घसरायला लागतो, कारण आधी टायर घसरून त्याला वाचवत होता. माझा तसाच गेला. नवा घेताना सगळ्यात कडक, खटकन पकडणारा घेऊ नका, ट्रॅकवर झटका अजून वाढतो आणि ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा दुखतो. थोडा सरकू देणारा, ऑरगॅनिक फेसिंगचा घेतला मी, समाधानी आहे.

दोन छोट्या गोष्टी. टायर बसवल्यावर टायर आणि रिम दोन्हीवर मिळून खडूने एक सरळ रेघ मारा. रनच्या नंतर बघा, रेघ तुटली असेल तर टायर रिमवर सरकतोय, बॅलन्सिंग बिघडणार. आणि बसवणाऱ्या दुकानात समोर उभं राहून करून घ्या. मी एका ठिकाणी विश्वासाने टाकून गेलो, घेऊन आलो तर ७० ला स्टिअरिंग नाही पण सीट थरथरत होती, वजनं लावलीच नव्हती नीट, दुसरीकडे परत पैसे देऊन करून घेतलं.

तर मॅन्युअल मसल कार, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, घरून चालवत जाणार असाल: ईटी स्ट्रीट एस/एस, १७ इंची रिम, उंच साइडवॉल, आणि क्लच सरकवत सोडायचा सराव. दहापैकी नऊ, एक पावसाचा कापला. महिन्यातून दोनदा स्ट्रिपवर जाणार असाल आणि मागच्या सीटवर दोन टायर मावत असतील तर बायसची जोडी वेगळी ठेवाच, ती मी दहापैकी दहा देतो. आत्ता एप्रिलचा दुसरा आठवडा आहे, बाहेर ५२ फॅरनहाइट, काल एस/एस तळघरातून वर आणले आणि चढवले, बायस गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेत. आजोबांचा मेसेज आलाय, शनिवारी गेट दहाला उघडतंय. कुणाला काही विचारायचं असेल तर साइज आणि मागचा रेशो लिहून विचारा, चौथ्या गिअरचं गणित मी करून देतो.